बसून खेळायचा खेळ

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं ट्रक चालवला. सावद्याहून कच्च्या केळीचे घड भरायचे, दिल्लीच्या मंडीत उतरवायचे आणि येताना मिळेल तो माल आणायचा. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, पण गाडीमालक सावद्याचा, त्यामुळे ते घरी कमी आणि रस्त्यावर जास्त असत. मी त्याच गावच्या गाडवाटेवर पळायला शिकले, शाळेकडून विभागीय स्पर्धेपर्यंत गेले, पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि गेली तेवीस वर्षं जळगावच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. वडिलांनी बसून पोट भरलं, मी पळून. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नव्हता. तो झाला वडील सत्तरी ओलांडून माझ्याकडे राहायला आल्यावर, आणि तोही टीव्हीसमोर.

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी महिनाभर धुळीत आणि उन्हात जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणजे गावाकडे जाणं बंद. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. माझे यजमान पाइपच्या कारखान्यात शिफ्टला जातात, मी शाळेत. वडील दिवसभर घरात एकटे चॅनल बदलत बसत. एका रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी हाक मारली.

"बाई, आठे ये. या मानूसनी मान देख."

वडील माझ्याशी गावच्या बोलीतच बोलतात. मी शाळेत राहून राहून तशी बोलायची विसरले, त्यामुळे उत्तर पुस्तकी मराठीत देते. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

मी बाहेर आले. टीव्हीवर एक गोरा तरुण अंगाला चिकटलेल्या कपड्यात उभा होता. शर्यत संपली असावी, कारण त्याचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. त्याची मान खरोखर जाड होती, कानाखालून सरळ खांद्यात उतरलेली.

"पहिलवान शे का हाऊ?"

"नाही आबा, गाडी चालवणारा आहे. रेसची गाडी."

"ते माले दिसस. मान कसानी इतली जाड झायी, ते इचारस."

मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या कॉम्प्युटरवर वाचून मी त्यांना सांगितलं की गाडी वेगात वळली की डोकं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, वर हेल्मेटचं ओझं, आणि दोन तास ते डोकं सरळ धरून ठेवावं लागतं. म्हणून ते लोक मानेचा व्यायाम करतात. वडिलांनी मान हलवली, जणू मी एक साधी गोष्ट सांगायला फार वेळ घेतला होता.

त्यानंतर रविवारी शर्यत असली की ते टीव्ही लावत. गाड्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचायला त्यांना कुणीतरी हवं असे, म्हणून मी शेजारी बसू लागले. सुरुवातीला मला त्यात पाहण्यासारखं काही दिसेना. खो-खोचा डाव नऊ मिनिटांचा, त्यात श्वास घ्यायला सवड नसते. इथे वीस गाड्या एकाच वाटेवरून पन्नास-साठ वेळा जाणार. पहिल्या वळणानंतर ज्या क्रमानं लागल्या त्याच क्रमानं बहुतेक वेळा शेवटी येणार. मी वह्या घेऊन बसत असे आणि कुठेतरी गाड्या एकमेकींवर आदळल्याचा आवाज झाला की मान वर करत असे. हे मी लपवत नाही. पहिले काही आठवडे मला अपघातच पाहायचे होते.

वडील मात्र अपघात झाला की तोंड फिरवत. पुन्हा पुन्हा दाखवू लागले की उठून पाणी प्यायला जात. रस्त्यावर त्यांनी तसलं पुष्कळ पाहिलं होतं. ते बघत ब्रेक. गाडी वळणाकडे येताना त्यांचा उजवा पाय फरशीवर टेकलेला असे आणि एका ठरावीक क्षणी तो दाबला जाई. "लेट मारा त्यानी ब्रेक," ते म्हणत, "आते बाहेर जाई." आणि ती गाडी खरंच पांढऱ्या पट्ट्याबाहेर जाई. टायर संपत आलेत हे त्यांना गाडीच्या मागच्या अंगावरून कळे. समालोचक ते सांगेपर्यंत दोन फेऱ्या होऊन गेलेल्या असत.

मला गोडी लागली ती वेगळ्या कारणानं. पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या आणि मागच्या गाडीतलं अंतर सेकंदात येतं. एकदा मागची गाडी दर फेरीत थोडी थोडी जवळ येत होती आणि बारा फेऱ्या उरल्या होत्या. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. शेवटच्या फेरीच्या आधी गाठणार, असं उत्तर आलं. मग मी वह्या बाजूला ठेवल्या. पंधराशे मीटरच्या शर्यतीला घड्याळ हातात धरून मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. पुढचीनं दम राखलाय की संपवलाय, मागची कधी जोर लावणार. त्या दिवशी मागच्यानं गाठलं, पण पुढं जाता आलं नाही. वडील म्हणाले, पुढच्यानं तीन वळणं मुद्दाम हळू घेऊन वाट अडवून धरली, म्हणून. मला ते दिसलंच नव्हतं.

तरी त्यांना खेळाडू म्हणायला मी तयार नव्हते. माझी व्याख्या सोपी होती आणि मी ती दरवर्षी पाचवीच्या मुलांना सांगते. शरीरानं जे करावं लागतं तो खेळ. इंजिन करतं ते यंत्राचं काम. वडील वाद घालत नसत. एकदा एवढंच म्हणाले, "बसेल शे, मान्य शे. पन बसेल मानूसले इतला घाम कसाले येस?"

"आतमध्ये उकडतं म्हणून," मी म्हणाले.

हा वाद टीव्हीसमोरच राहिला असता. पण त्याच वर्षी शाळेनं क्रीडाक्षेत्रात नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचं ठरवलं. मुख्याध्यापक, संस्थेचे दोन सभासद, एक माजी विद्यार्थी आणि मी, अशी पाच जणांची समिती होती. आलेल्या अर्जांत एक अर्ज अशा मुलीचा होता जिला मी चार वर्षं रिलेमध्ये तिसऱ्या टप्प्यावर पळवली होती. आता ती सव्वीस-सत्तावीसची, इंजिनिअर, ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नोकरीला. अर्जासोबत फोटो होता. धुळीनं माखलेली जुनी छोटी कार, बाजूला ती, काखेत हेल्मेट. मातीच्या ट्रॅकवर घड्याळ लावून गाडी पळवायच्या स्पर्धा असतात, त्यांना ऑटोक्रॉस म्हणतात. त्यात ती तीन वर्षं भाग घेत होती आणि महिलांच्या गटात दोनदा पहिली आली होती.

समितीनं माझ्याकडे पाहिलं, कारण खेळाचं मला कळतं असं सगळे धरून चालले होते.

"मुलगी चांगली आहे," मी म्हणाले, "पण हा खेळ म्हणता येणार नाही. यात इंजिन पळतं."

सभासदांपैकी एक जण म्हणाले, "मग स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनाही शाल द्यावी लागेल." सगळे हसले. मीही हसले. अर्ज बाजूला गेला आणि आम्ही पुढचा घेतला.

संध्याकाळी जेवताना मी हे वडिलांना सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं, रिक्षावाल्यांच्या वाक्यासकट. ते ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुस्करत होते. त्यांनी भाकरी संपवली, ताटात हात धुतला आणि मग विचारलं, "तू तिले गाडी चालाडतांना देखेल शे का?"

"नाही."

"मंग?"

पुढच्या रविवारी शर्यत होती तेव्हा त्यांनी मला अक्षरं वाचायला बोलावलं नाही. मीही गेले नाही.

साधारण आठवड्यानं त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, माझा अर्ज बसला नाही असं कळलं."

"हो. मीच नको म्हटलं." दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं मला वाटलं.

"का, ते विचारू?" तिनं म्हटलं.

मी इंजिनाचं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुढच्या रविवारी धुळ्याच्या अलीकडे एक स्पर्धा आहे. दोन तासांचा तर रस्ता आहे. तुम्ही येऊन बघाल का? बघूनही तुमचं मत तेच राहिलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मी हो म्हटलं. वडिलांच्या डोळ्यांचं पथ्य कधीच संपलं होतं, आणि त्यांना विचारायची गरज नव्हती. रविवारी पहाटे ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माझ्या आधी तयार होते.

एरंडोल, पारोळा मागे टाकून आम्ही धुळ्याच्या अलीकडे डावीकडे वळलो. कापसाची झाडं उपटून मोकळी केलेली मोठी जमीन होती. तिच्यावर ट्रॅक्टरनं वाट आखली होती, दीडेक किलोमीटरची, दोन्ही कडांना जुने टायर आणि चुन्याच्या रेघा. एक टँकर पाणी मारत होता आणि त्यामागे लगेच धूळ उडत होती. तीनेकशे माणसं असतील. वडापावची गाडी, उसाच्या रसाची गाडी, मोटारसायकलींची रांग. फेब्रुवारी संपत आला होता आणि नऊ वाजताच ऊन लागायला लागलं होतं.

ती आम्हाला न्यायला आली. अंगात जाडजूड, आगीपासून जपणारा पोशाख, मनगटापासून घोट्यापर्यंत. ती वडिलांच्या पाया पडली. त्यांनी आधी तिला आणि मग तिच्या गाडीला नीट पाहिलं. आतल्या सगळ्या सीट काढून फक्त पुढच्या दोन ठेवल्या होत्या, आणि छताखालून लोखंडी पाइपांचा पिंजरा घातला होता. वडिलांनी पिंजऱ्याच्या जोडावर बोट फिरवलं. "वेल्डिंग कोनी करी?" त्यांनी विचारलं. तिनं औद्योगिक वसाहतीतल्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. ठीक शे, म्हणाले.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. ती सुरुवातीच्या रेषेवर गाडीत बसून होती, पट्टे बांधलेले, हेल्मेट घातलेलं. मी खिडकीतून तिचा हात मागितला, हातमोजा खाली सरकवला आणि नाडी धरली. ती जागची हललीही नव्हती आणि नाडी चारशे मीटर पळून आलेल्या मुलीसारखी चालली होती.

"घाबरलीस का?" मी विचारलं.

"थोडी," ती म्हणाली. "पण ही भीतीची नाही. रेषेवर आले की दर वेळी अशीच असते."

मी बाजूला येऊन वडिलांना म्हणाले, "नुसत्या भीतीनंही नाडी वाढते. परीक्षेला बसलेल्या मुलांचीही वाढते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झेंडा खाली आला होता.

या शर्यतीत एका वेळी एकच गाडी जाते. दोन वळसे, आणि घड्याळ. पाहणाऱ्याला लांबून धुळीचा एक लोट पळताना दिसतो आणि मधूनच त्यातून गाडीचं तोंड बाहेर येतं, तेही जायचं त्या दिशेला नसून भलतीकडे. मला वाटलं ती घसरली. वडील म्हणाले, नाही, तिनं मुद्दाम मागचं अंग फेकलं, म्हणजे वळणातून निघताना तोंड सरळ राहतं. तिचा आकडा लाउडस्पीकरवर आला, महिलांमध्ये सर्वांत कमी वेळाचा. ती परत आली तेव्हा मी पुन्हा नाडी धरली. आधीपेक्षा बरीच वर होती आणि खाली यायला तिला जवळजवळ तेवढाच वेळ लागला जेवढा मी पूर्वी आठशे मीटरनंतर मोजत असे. हेल्मेट काढल्यावर तिच्या हनुवटीवरून घाम थेंबाथेंबानं पडत होता.

हे मी नोंदवून ठेवलं, पण पटलं असं अजून म्हणणार नाही.

दुपारच्या सुट्टीत आयोजकांनी सरावाच्या फेऱ्यांना परवानगी दिली. कागदावर सही केली की शेजारच्या सीटवर एखाद्याला बसता येत होतं. तिनं मला विचारलं. पन्नाशीला टेकलेली मी अजून रोज सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारते. त्या जोरावर मी सही केली.

उसनं हेल्मेट घातलं. पट्टे इतके आवळले की छाती भरून श्वास घेता येईना. काचा बंद, पंखा नाही. इंजिनाचा आवाज पत्र्यातून पायात येत होता. ती म्हणाली, "डोकं सीटला टेकवू नका, आपटेल. मान ताठ ठेवा." गाडी सुटली. पहिलं वळण डावीकडे होतं आणि माझं डोकं उजवीकडे गेलं. मी ते परत आणेपर्यंत दुसरं वळण आलं आणि ते दुसऱ्या बाजूला गेलं. तिसऱ्या वळणापर्यंत मी मान सरळ करायचा प्रयत्न सोडून दिला होता. मी फक्त तिच्या हातांकडे पाहत होते. ते एक क्षणही थांबत नव्हते. चाक वळव, सोड, उलटं वळव, मध्येच डावा हात गिअरवर, मध्येच हँडब्रेकवर, आणि दोन्ही पाय सतत काही ना काही करत होते. खड्डा आला की अख्खं शरीर पट्ट्यांत उचललं जाई आणि खाली पडे, पण तिची नजर पुढच्या वळणावरून हलत नव्हती. रिलेच्या तिसऱ्या टप्प्यावर ती तशीच पळायची. बॅटन घेताना मागे बघायची नाही, म्हणून मी तिला तिथं ठेवली होती. एवढ्या वर्षांत मला ते आठवलं नव्हतं.

एकच वळसा होता. गाडी थांबल्यावर मी पट्टा सोडला, टायरांच्या ढिगाऱ्यामागे गेले आणि सकाळी खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. ती पाण्याची बाटली घेऊन आली. वडील रसाच्या गाडीजवळ उभे होते. त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे पाहू लागले, जसं मी लहानपणी शर्यतीत शेवटची आले की पाहत.

शेवटची फेरी तीनच्या सुमारास होती. पहिल्या वळशात ती सकाळपेक्षाही वेगात होती. दुसऱ्या वळशाच्या सुरुवातीला गाडीचं तोंड एकदम बाहेर गेलं, ती चुन्याच्या रेघेला घासून परत आली, पण तिचा वेग उतरला. लोकांना वाटलं तिनं धीर सोडला. वडील पुढे सरकले आणि दोरीला हात लावून उभे राहिले.

"स्टेरिंग जड व्हयनं," ते म्हणाले. "पट्टा गया."

"कशावरून?"

"चाक देख. तुटक तुटक वळी ऱ्हायनं."

मी पाहिलं. पुढची चाकं सकाळी एका दमात वळत होती, आता थोडी वळत, थांबत, पुन्हा वळत. इंजिनावरचा पट्टा तुटून पॉवर स्टेअरिंग गेलं की हातातलं चाक फिरवायला दुप्पट-तिप्पट जोर लागतो, आणि खडबडीत मातीत ते उलट हातावर फटके मारतं. तिला गाडी बाजूला घेता आली असती. पाच-सहा वळणं उरली होती, तिनं ती सगळी घेतली. शेवटच्या वळणावर मला खिडकीतून तिचे दोन्ही कोपर वर उचललेले दिसले. अंगाचा भार टाकून ती चाक ओढत होती. रेषा ओलांडून गाडी थांबली आणि बराच वेळ दार उघडलं नाही.

वडील माझ्या आधी पोचले. ती सीटवर बसून होती, हात मांडीवर. हेल्मेट काढायला तिला जमत नव्हतं. मी ते काढलं.

"हात दखाड," वडील म्हणाले.

तिनं हात पुढे केले. उजव्या हाताचा अंगठा मुळाशी सुजत चालला होता. वडिलांनी तो हळूच हलवून पाहिला आणि मग आपला डावा अंगठा तिच्यासमोर धरला. तो वाकडा आहे, माझ्या जन्माआधीपासून. मला लहानपणापासून माहीत होतं की तो गाडीत मोडला. कसा मोडला ते मी कधी विचारलं नव्हतं.

"अंगठा मझार नको ठेवू," ते तिला सांगू लागले. "चाकना बाहेर ठेव, बोटेसंगे. खड्डा उना की चाक उलटं फिरस आनि अंगठा मोडस. आमन्या गाड्यासले पॉवर स्टेरिंग नव्हतं."

"सरळ रस्त्यावर ठेवते बाहेर," ती म्हणाली. "घाईत जातो आत."

"घाईमाच मोडस."

मग ते दोघं बोलत राहिले. भरलेला ट्रक उतारावर कसा धरायचा, केळीची गाडी वाटेत उभी राहिली की घड आतल्या आत गरम होतात म्हणून थांबता का येत नाही, सलग बसून पाठ कुठे धरते. ती विचारत होती, ते सांगत होते. त्यांना मी इतकं बोलताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मी बर्फ आणायला रसाच्या गाडीकडे गेले.

ती पाचवी आली. बक्षीस समारंभ होईपर्यंत आम्ही तिच्या गाडीच्या सावलीत बसलो. तिथं मी तिला विचारलं की शाळेच्या सत्काराचं तिला एवढं काय होतं. शाल आणि नारळासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी ती वाटत नव्हती.

"शाल नको होती, मॅडम," ती म्हणाली. "कंपनी खेळाडूंना स्पर्धेसाठी खास रजा देते. पण कुठल्या तरी संस्थेनं खेळाडू म्हणून लिहून द्यावं लागतं. मला वाटलं शाळा देईल. पत्र मिळालं नाही म्हणून गेल्या आठवड्यातली कोईमतूरची स्पर्धा गेली. हक्काच्या रजा संपल्या होत्या."

ती हे सांगताना अंगठ्यावरचा बर्फ या बाजूचा त्या बाजूला करत होती. माझ्यावर ठपका ठेवायचा तिचा विचार नसावा. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं. समितीतल्या त्या हसण्याची मला तेव्हा लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

परतीच्या वाटेवर वडील पारोळ्यापर्यंत झोपले. मी एकटी विचार करत गाडी चालवत होते. मान दोन्ही बाजूंनी दुखत होती.

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि माझं मत चुकीचं होतं असं लिहून दिलं. ते म्हणाले, यादी छापायला गेली. मी म्हणाले, पत्रिकेत नाव नसलं तरी चालेल, पण पत्र हवं. त्यांनी समिती पुन्हा बसवली. रिक्षावाल्यांचा विनोद केलेल्या सभासदांनी विचारलं, "मॅडम, दोन-तीन आठवड्यांत असं काय झालं?"

"मी जाऊन बघून आले," मी म्हणाले. "तुम्हीही या एकदा. शेजारी बसायला जागा असते."

यावेळी कुणी हसलं नाही, पण सगळं माझ्या मनासारखंही झालं नाही. तिचं नाव खेळाडूंच्या यादीत न घालता, त्याच समारंभात होणाऱ्या इतर सत्कारांसोबत 'विशेष कामगिरी' या मथळ्याखाली घालायचं ठरलं, दहावीत पहिली आलेली मुलगी आणि अवयवदान करणारे एक माजी विद्यार्थी यांच्यासोबत. असं पत्र कंपनीनं मानलं नसतं. म्हणून मी शाळेच्या लेटरहेडवर क्रीडाशिक्षिका या नात्यानं वेगळं पत्र लिहिलं. ही माझी विद्यार्थिनी आहे, मी तिची शारीरिक तयारी करून घेते आणि ती खेळाडू आहे, असं त्यात म्हटलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. "तयारी तुम्ही करून घेता?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

पत्रात लिहिलं ते खरं करणं भाग होतं. ती मंगळवारी आणि शुक्रवारी कामावर जाण्याआधी सहा वाजता मैदानावर येऊ लागली. मानेचा व्यायाम मी कधी शिकवला नव्हता, त्यामुळे आधी मीच शिकले. सायकलची जुनी ट्यूब व्हॉलीबॉलच्या खांबाला बांधायची, दुसरं टोक कपाळाला लावायचं आणि डोकं सरळ धरून मागे सरकायचं. मग डावीकडून, मग उजवीकडून. पहिल्या दिवशी तिनं प्रत्येक बाजूनं वीस सेकंद धरलं. मी दहाच्या पुढे गेले नाही. मैदानावर चालायला येणारी बायकामंडळी थांबून बघत. एकीनं विचारलं, मानेचं दुखणं आहे का हिला. मी म्हटलं, नाही, खेळाडू आहे. कसला खेळ, तिनं विचारलं. गाडीचा, मी सांगितलं. ती बाई पुढच्या फेरीला गेली.

माझी व्याख्या मी बदलली का, असं यजमानांनी एकदा विचारलं. पूर्ण बदललेली नाही. गाडी चालवणारा प्रत्येक माणूस खेळाडू असतो असं मी अजून म्हणत नाही. वडिलांनाही ते मान्य आहे. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, तुम्ही खेळाडू होतात का. ते नाही म्हणाले. त्यांच्या मते खेळणारा आपल्या मर्जीनं येतो आणि खेळ झाला की घरी जातो. त्यांना तशी मुभा नव्हती, घड पिकायच्या आत पोचवायचे होते. मला हे उत्तर माझ्या व्याख्येपेक्षा बरं वाटलं. पाचवीच्या वर्गात मी ते अजून सांगितलेलं नाही.

कंपनीनं पत्र मानलं. तिला खास रजा मिळू लागली. त्या वर्षी ती तीन स्पर्धांना गेली. एकीत इंजिन तापून बंद पडलं, एकीत ती सातवी आली, नाशिकच्या स्पर्धेत तिसरी. नाशिकला जायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला होता. मला वाटलं मानेबद्दल विचारेल, किंवा वडिलांकडे फोन द्या म्हणेल.

"मॅडम," ती म्हणाली, "स्पर्धेच्या दिवशी सकाळी खायचं काय? मला काहीच जात नाही."

मी तिला सांगितलं, दोन केळी आणि थोडा दहीभात, सुरू व्हायच्या अडीच तास आधी, भूक नसली तरी. पाणी घोट घोट. शर्यतीला जाणाऱ्या माझ्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगते.

"एवढंच?"

"एवढंच. आणि उद्या रात्री फोन कर, कितवी आलीस ते सांग."